पेन्सिलीने लिहिलेले डाव

चेन्नईत अण्णा नगरच्या आमच्या हौशी मराठी नाटकात मी मुलगा होतो आणि मंडळातले एक ज्येष्ठ नट माझे वडील होतात. एरवी ते आवडी नावाच्या उपनगरात एका कारखान्यात कारकून आहेत, तंजावरी मराठी बोलतात आणि बोलताना आपल्या ‘बाबा रे’सारखा तमिळ ‘पा’ सतत जोडतात. नाटकातल्या बापाला घर सोडून निघालेल्या मुलाला थांबवायचंय. त्यांच्या संहितेत प्रत्येक वाक्यावर पेन्सिलीने एकेक शब्द लिहिलेला असतो: गोंजार, लाजव, दटाव. लागू पडला नाही की खोडतात. “वाक्य तेच पा, डाव बदलायचा.”

गेल्या महिन्यात मी त्यांना म्हणालो, शोळिंगनल्लूरचं ऑफिस सुटल्यावर स्कूटरने इथवर यायला दीड-दोन तास जातात, मला नाटक झेपत नाही. त्यांनी आधी माझं कौतुक केलं. मग ‘बाकीच्यांचं काय?’ म्हणून लाजवलं. मग आवाज चढवला. प्रत्येक डाव मला ओळखू येत होता, म्हणून मी ढिम्म राहिलो. शेवटी माझं धुळीने माखलेलं हेल्मेट त्यांनी स्वतःच्या रुमालाने नीट पुसलं आणि माझ्या हातात दिलं. “जा पा, जपून जा.”

दुसऱ्या दिवशी मी तालमीला हजर होतो.

परवा त्यांच्या संहितेत डोकावलो. शेवटच्या वाक्यावरचं सगळं खोडून नवं लिहिलं होतं: ‘बॅग पुसून हातात दे.’ माझं डोकंच फिरलं. त्या दिवशी ते मला निरोप देत होते की प्रवेश बसवत होते?

तालमीत त्यांनी तोच रुमाल काढला आणि माझी बॅग पुसली.

नाटकात मुलगा निघून जातो. माझा पाय उचलेना.