दोन नमुने आणि एक सॅम्पलर

माझं लग्न झालं तेव्हा दिग्रसच्या घरात कूलर एकच होता आणि तो सॅम्पलरच्या खोलीत होता. मे महिना, यवतमाळ जिल्हा, अंगावर शालू, आणि मला सांगण्यात आलं की बाई, तू पंख्याखाली बस, मशीनला गर्मी सहन होत नाही. मशीनवर मखमलीचं कव्हर होतं. माझ्या रुखवतावर जुनी चादर टाकलेली होती. तेवढ्यावरून घरातला आपला क्रमांक मला कळायला हवा होता, पण नव्या नवरीचं गणित कच्चंच असतं.

सॅम्पलर दिसायला ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डसारखा, वजनाला तांदळाच्या कट्ट्यासारखा. त्याला स्वतःचा आवाज नसतो. ढोलकी, बासरी, माणसाची शीळ, काहीही त्याला ऐकवायचं. तो ते लक्षात ठेवतो आणि पट्टी दाबली की तसंच्या तसं म्हणून दाखवतो. लाइन गेली की मात्र सगळं विसरतो. लाइन असतानाही विसरणारी माणसं घरात असल्यामुळे मला त्याचं विशेष वाटलं नाही. तर हा विसरभोळा गडी आपले आवाज फ्लॉपीवर साठवतो, आणि बटण लावलं की दरवेळी फ्लॉपी घालून त्याला सगळं पुन्हा आठवून द्यावं लागतं.

आमच्या ह्यांचा आणि त्यांच्या एका मित्राचा मिळून ऑर्केस्ट्रा होता. मित्र नेरचे, म्हणून आमच्या घरी त्यांचं नाव ‘नेरवाले’. हे कीबोर्ड वाजवायचे, नेरवाले ढोलकी आणि नंगारा. सॅम्पलर दोघांनी मिळून घेतला होता, आणि त्यात भरायला नेरवाल्यांच्या हातचा नंगारा होळीच्या दिवसांत आमच्याच बंजारा तांड्यावर, लेंगीची गाणी चालू असताना, रेकॉर्ड केला होता. पुढे बॅनरवर कोणाचं नाव आधी यावं यावरून दोघांचं फाटलं. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी वाटणीला बसली. त्यांतल्या एकानंही आयुष्यात सॅम्पलर पाहिलेला नव्हता, त्यामुळे न्याय अगदी निःपक्षपाती झाला. मशीन ह्यांना, फ्लॉप्यांचा डबा नेरवाल्यांना. म्हणजे एकाला शेगडी आणि दुसऱ्याला सिलिंडर. दोघंही जिंकल्याच्या थाटात घरी गेले.

ह्यांच्याकडे एकच फ्लॉपी राहिली होती, मशीनसोबत परदेशातून आलेली. तिच्यात एक पियानो होता, आणि चर्चमध्ये पुष्कळ बायका एकदम ‘आऽऽ’ करतात असा एक आवाज. त्या भांडवलावर ह्यांनी पुढची कित्येक वर्षं हळदी, वराती आणि देवीच्या आरत्या वाजवल्या. दारव्ह्याकडच्या एका लग्नात नवरीची पाठवणी त्या ‘आऽऽ’वर झाली आणि वऱ्हाडी मंडळी खरोखर घाबरून रडली. हे घरी येऊन म्हणाले, “पाह्यलं, पब्लिक कशी इमोशनल झालती!”

मग मागच्या उन्हाळ्यात फ्लॉपीचा ड्राइव्हच बसला. आतला रबरी पट्टा वितळून त्याचा डांबरासारखा चिकटा झाला होता. मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, म्हणून घरात मिक्सर, इन्व्हर्टर आणि गिझर हे सगळं माझ्या विषयात येतं. सॅम्पलरही आला.

आधी मी सरळ उपाय केला. लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर टाकलं, त्यात ढोलकीचे इतके प्रकार होते की ढोलकीवाल्यालाही माहीत नसतील. ह्यांनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, “आवाज चांगला हाय, पन धुतल्यासारखा वाटते.”

“म्हणजे?”

“म्हणजे साबनानं धुतल्यासारखा. आपल्या मशीनीत कसं, मातीचा वास येते.”

मशीन जपानी होतं. माती कुठली, हे मी विचारलं नाही.

मग मी इंटरनेटवर शोधायला लागले. तिथे आमच्या ह्यांच्यासारखे जगभरातले सद्गृहस्थ एकमेकांच्या गळ्यात पडून जुन्या ड्राइव्हसाठी शोक करत बसलेले सापडले. त्यांच्याच हुंदक्यांतून कळलं की ड्राइव्हच्या जागी एक छोटी पेटी बसवता येते. तिला पेनड्राइव्ह लावायचा. पेटी मशीनला भासवते की ही फ्लॉपीच आहे, आणि मशीन विश्वास ठेवतं. एका पेनड्राइव्हमध्ये फ्लॉप्यांचा अख्खा डबा मावतो, प्रत्येकीला एक नंबर. मी पेटी मागवली, स्क्रू खोलले, चिकटा पुसला, पेटी बसवली. हे शेजारी उभं राहून “हळू, हळू” म्हणत होते. माझ्या बाळंतपणात हे गृहस्थ बाहेर चहा प्यायला गेले होते.

पेटीवर लाल शून्यं उजळली. ह्यांचा चेहराही उजळला.

“आता वाजन ना सगळं?”

“वाजेल. पण पेनड्राइव्हमध्ये भरायचे आवाज कुठं आहेत?”

आवाज नेरला होते.

फोन मीच लावला. इतक्या वर्षांनी माझा आवाज ऐकून नेरवाले म्हणाले, “वयनी, जिवंत हाय काय?”

“मशीन का माणूस?”

“मशीन वो. मानसाचं मले काय करायचं हाय?”

मी अडचण सांगितली. ते म्हणाले फ्लॉप्या आहेत, मी त्या घेऊन जाव्यात, फक्त त्या माणसाला सोबत आणू नये. पण फ्लॉप्या घेऊन येण्यात अर्थ नव्हता. या मशीनच्या कंपनीनं फ्लॉपीवर लिहायची आपली स्वतंत्र पद्धत काढलेली, आणि मी हौसेनं घेतलेला यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह तिच्याकडे ढुंकून पाहत नव्हता. आत जुना ड्राइव्ह असलेला जुना कॉम्प्युटरच पाहिजे होता. बोलता बोलता कळलं की असा कॉम्प्युटर नेरवाल्यांच्याच दुकानात आहे. ऑर्केस्ट्रा मोडल्यावर त्यांनी लग्नपत्रिका छापायचं दुकान टाकलं होतं, आणि त्यांचा लाडका मराठी फाँट फक्त त्या जुन्या कॉम्प्युटरवर चालायचा. दुसऱ्या फाँटात ‘श्री’ला वळण येत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. तेव्हा मशीनच नेरला न्यायचं ठरलं; आवाज भरले की तिथल्या तिथे वाजवून पाहता आले असते.

हे म्हणाले, “मी त्याच्या दुकानाची पायरी चढनार नाही.” थोड्या वेळानं म्हणाले, “पन तू एकटी कशी नेशीन? बसमंधी कोनी आपटलं तं?” म्हणजे काळजी होती. मशीनची.

गोधडीत गुंडाळलेला सॅम्पलर दोघांच्या मांडीवर आडवा घेऊन आम्ही दारव्ह्यापर्यंत आणि तिथून बस बदलून नेरपर्यंत गेलो. माझं तिकीट अर्धं, ह्यांचं पूर्ण. कंडक्टरनं गोधडीकडे पाहून हळू आवाजात विचारलं, “पेशंट हाय काय?” हे तितक्याच हळू आवाजात म्हणाले, “नाजूक हाय.” कंडक्टरनं पुढच्या उतारूंना सरकायला लावलं.

दुकानाच्या तिन्ही भिंतींवर पत्रिकांचे नमुने टांगलेले होते. खाली उरलेले दोन नमुने एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले.

“वयनी, यायले इचारा, चहा घेते काय.”

“सांग त्याले, मी चहा सोडला.”

सकाळपासून ह्यांचे तीन चहा झाले होते. मी दोन कप सांगितले. ह्यांनी माझाही प्यायला.

नेरवाल्यांनी फ्लॉप्यांचा डबा काढला. स्टीलचा, गव्हाचा असतो तसा, आणि आत फ्लॉप्यांच्या थरांमध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला.

“पाला कशाला?” मी विचारलं.

“सोंडे लागू नाही म्हनून.”

फ्लॉपीला सोंडे लागत नाहीत हे मी बोलणार होते. पण पाला जुना नव्हता. दरवर्षी कोणीतरी बदलत होतं.

पहिली फ्लॉपी कॉम्प्युटरमध्ये घातली. ड्राइव्ह कुरकुरला, खाकरला, थांबला. स्क्रीनवर एरर. झाकण सरकवून पाहिलं तर आतल्या चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके.

“पावसाळ्यात कुठं ठेवलतं बे हे?” हे एकदम थेट बोलले.

“मंग तुनं काहून नाही नेलं? तुह्या घरी कूलर होता ना!”

“तुनं देल्लं असतं तं नेलं असतं!”

“तू मांगतलं काय?”

इतक्या वर्षांनंतरचा हा पहिला संवाद. पत्रिका घ्यायला आलेलं एक कुटुंब दारातूनच परत गेलं. मी कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून दुसरी फ्लॉपी पुसायला घेतली. काही वाचल्या गेल्या, काही नाही. बासरी गेली. शहनाई अर्धी आली, म्हणजे वरचा सा होता आणि खालचा नव्हता. प्रत्येक फ्लॉपी आत गेली की दोघं वाद थांबवून ड्राइव्हचा आवाज कान देऊन ऐकत, आणि ती बाहेर आली की सोडला तिथून वाद पुढे सुरू.

नंगाऱ्याची फ्लॉपी शेवटपर्यंत वाचली गेली. मी ती पेनड्राइव्हवर घेतली, पेनड्राइव्ह पेटीला लावला, सॅम्पलर दुकानातल्या स्पीकरला जोडला आणि नंबर निवडला. कोणीच पुढे होईना, म्हणून पट्टी मीच दाबली. नंगारा घुमला. खरा, मोठा, तांड्यावर वाजतो तसा. मी बोट तसंच ठेवलं, आणि नंगाऱ्याचा शेवटचा ठोका विरता विरता स्पीकरमधून एक बकरी ओरडली.

“पुरं नसते दाबायचं!” दोघं एकाच वेळी ओरडले.

रेकॉर्डिंगच्या वेळी बकरी मध्ये आली होती. तिच्या आधी बोट उचलायचं, अशी त्यांची जुनी युक्ती होती. ह्यांनी मला बाजूला सारलं आणि वाजवून दाखवलं. बोट बरोबर बकरीच्या तोंडाशी येऊन उठत होतं. नेरवाले हसायला लागले, मग हेही.

“लॅपटॉपवर घेऊन बकरी कापून टाकते,” मी म्हटलं. “एका मिनिटाचं काम.”

“नाही!” पुन्हा दोघं मिळून. बॅनरवर एकमत झालं नव्हतं ते बकरीवर झालं.

मग ह्यांनी नेरवाल्यांना म्हटलं, “घे, वाजव.”

नेरवाले पुढे आले. तेव्हा मी पाहिलं, आणि ह्यांनीही पाहिलं असावं, की त्यांचा उजवा हात कापत होता. थोडा नाही, चांगलाच. फ्लॉप्या काढताना ते डबा छातीशी धरून डाव्या हाताचा आधार का देत होते, ते आत्ता कळलं. ढोलकी-नंगाऱ्याचा हात तो. त्यांनी डाव्या हाताचं एक बोट पट्टीवर ठेवलं. नंगारा वाजला. आत वाजत होता तो त्यांचाच उजवा हात, तरणा, न कापणारा. त्यांनी पुन्हा दाबलं. मग पुन्हा.

संध्याकाळी निघताना ह्यांनी गोधडी तेवढी काखेत मारली.

“आणि मशीन?” मी विचारलं.

“राहू दे. बाकीच्या फ्लॉप्या व्हायच्या हायेत ना.”

बाकीच्या म्हणजे बुरशीवाल्या. त्या होणार नव्हत्या, हे ह्यांनाही माहीत होतं. बसमध्ये दारव्हा येईपर्यंत हे खिडकीबाहेर सोयाबीनकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “त्याचा हात कापते. मले कोनी सांगतलं बी नाही.”

“तुम्ही कोणाला विचारलं होतं?”

एरवी एवढ्या संधीवर मी आणखी चार वाक्यं बोलले असते. त्या दिवशी नाही बोलले.

पुढची गोष्ट नवरात्राची. नेरच्या एका देवी मंडळात दोघांनी वाजवायचं ठरवलं. पेटीवरचे नंबर दोघांनाही चष्म्यातून दिसेनात, म्हणून मलाही मंचावर बसवलं. गाणं बदललं की आवाज बदलायचा, एवढंच माझं काम. शेजारच्या चौकात डीजे होता, त्यामुळे आमचं वादन मुख्यतः आम्हीच ऐकलं. पुढे खुर्च्यांवर काही म्हातारी माणसं आणि डीजेपुढे नाचून दमलेली पोरं होती. नेरवाले एका बोटानं वाजवत होते आणि हे त्यांच्याकडे पाहून, जरा मागे राहून, पट्ट्यांवर साथ देत होते. आयुष्यात प्रथमच मागे राहून. वाजलं मात्र छान. मला असं म्हणायची सवय नाही.

निवेदक मोठा उत्साही गृहस्थ होता. माझी ओळख करून देताना ‘तांत्रिक साहाय्य’ हे शब्द त्याच्या जिभेवर मावले नाहीत. त्यानं जाहीर केलं, “आणि आज आपल्या देवीच्या मंचावर खास दिग्रसवरून एक तांत्रिक बाई आलेल्या आहेत!”

कार्यक्रम संपल्यावर मी वायरी गुंडाळत होते. एक तरुण बाई कडेवर रडणारं लेकरू घेऊन आली आणि माझ्या पाया पडली. “ताई, दोन दिवसांपासून झोपत नाही वो हा. काही दोरा-बिरा द्या ना.”

मी तिला सांगायला तोंड उघडलं की बाई, मी कॉम्प्युटरची मास्तरीण आहे. तेवढ्यात शेजारच्या डीजेनं नवं गाणं लावलं, जमीन हादरली आणि लेकरू किंचाळलं.

“तुझं घर कुठं आहे?” मी विचारलं.

“हे काय, त्या डीजेच्या मांगं.”

“नवरात्र संपेपर्यंत माहेरी जाऊन राहा.”

ती माहेरी गेली. लेकरू पहिल्याच रात्री गाढ झोपलं. आता नेरच्या त्या गल्लीत माझं मोठं नाव आहे, आणि नेरवाले मला विचारून राहिलेत की दुकानात दर गुरुवारी बसता काय, पत्रिका घेणाऱ्यांची गर्दी वाढन.