सईच्या कॉलेजात माझा सत्कार

माझा आयुष्यात एकदाच जाहीर सत्कार झाला, आणि त्यानंतर माझी लेक माझ्याशी तीन आठवडे बोलली नाही.

मी बँकेत तपासणी अधिकारी. मूळची सांगलीची, गेली सहा वर्षं जयपुरात. मी शाखेत शिरले की पंखासुद्धा बेतानं फिरतो म्हणतात (माझ्या मागे म्हणतात, पण मला ऐकू येतं). त्यामुळे सईची बारावी झाली तेव्हा कॉलेजं बघायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. माझा नवरा सुहास म्हणाला, "अगं, तिलाही विचार की जरा."

"विचारू ना! एकदा निवडून झालं की विचारू."

पहिलं कॉलेज शहरातच होतं. फाटकातून आत शिरतो तर एकीकडे घूमर नाचाची तालीम, दुसरीकडे बास्केटबॉल, आणि झाडाखाली गिटार घेऊन बसलेलं टोळकं. सईचे डोळे हे एवढे झाले! "आई, मतलब, किती भारी आहे ना?"

"भारीच आहे. अभ्यास कुठल्या झाडाखाली चालतो तेवढं विचारून ये," मी म्हटलं आणि सुहासला गाडी वळवायला लावली.

दुसरं शहराबाहेर, बस्सी गावाच्या पुढे, आग्रा रोडला. निकाल एक नंबर! मैदान नाही, स्टेज नाही, गॅदरिंग नाही. आवारात दोन मोर तेवढे दिसले. नाचायची मुभा बहुधा त्यांनाच असावी. प्राचार्य अभिमानानं म्हणाले, "मैडम, हमारे यहाँ बच्चे सिर्फ पढ़ते हैं."

"खेल वगैरह?"

"शतरंज था. बंद कर दिया. बच्चे बीच में हँसते थे."

मला तर हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला! तिथल्या तिथे फॉर्म भरला. परतताना सई मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत बसली. घर येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. "बघितलंस?" मी सुहासला म्हटलं, "आत्तापासूनच किती शांत झाली!" आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दोन वर्षं पोर कॉलेजच्या बसनं जायची, यायची, जेवायची, वाचायची, झोपायची. मार्क उत्तम. तिसऱ्या वर्षी मात्र एकदम खुलली. उशिरा यायला लागली ("एक्स्ट्रा लेक्चर आहे, आई"), बाथरूममध्ये एकटीच बडबडायला लागली. मला वाटलं, पाठांतर करते. (पाठांतरच होतं म्हणा!)

त्याच सुमारास पालकसभा होती. मी वेळेच्या अर्धा तास आधी पोचले, सवयीनं इमारतभर एक फेरी मारली, तर वरच्या मजल्यावरच्या बारा नंबरच्या खोलीतून ही आरडाओरड, टाळ्या, हसण्याचा गदारोळ! बँकेत मी कुलूप लावलेली कपाटंसुद्धा उघडायला लावते. पण त्या दिवशी कुठली अवदसा आठवली कोण जाणे, समोरचं नुसतं लोटलेलं दार काही मी ढकललं नाही. तडक खाली गेले, सूचनावही मागितली आणि दोन पानं शेरा लिहिला. खोली तातडीनं बंद करावी, तिथे वाचनकक्ष करावा, केलेल्या कारवाईचा अहवाल पालकांना द्यावा. खाली सही, हुद्दा, तारीख!

आठवड्याभरात सई रडत घरी आली.

"आई, आमचं नाटक बंद केलं गं! आम्ही पाच जणांनी कितनी मुश्किलने प्रिन्सिपल सरांकडून ती खोली मागून घेतली होती. पुढच्या महिन्यात कॉम्पिटिशन होती. कुठल्या तरी पेरेंटने लिहून दिलं!"

"नाटक? तू नाटकात होतीस?"

"तुला सांगितलं असतं तर तू करू दिलं असतंस?"

माझ्या पायांखालची जमीनच सरकली. खरं बोलायची तीच वेळ होती. आणि मी काय बोलावं? "शी! कसली एकेक माणसं असतात!" सुहासनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी उठून उगाचच दुधाखालचा बंद गॅस पुन्हा बंद केला.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांचा फोन. "मैडम, वाचनकक्ष तैयार है. उद्घाटन आप ही करेंगी!" मी दौऱ्यावर आहे म्हणाले, त्यांनी तारीख पुढे ढकलली. घसा बसलाय म्हणाले. "कोई बात नहीं, सत्कार में बोलना नहीं पड़ता." शेवटी त्या दिवशी सकाळी सईला म्हटलं, "आज जाऊ नकोस, तुझा चेहरा उतरलाय."

"त्या कॉलेजात सुट्टी मिळत नाही, आई. तूच निवडलंयस."

अहो, काय सांगू! सगळं कॉलेज ओळीनं बसवलेलं. माझ्या डोक्यावर लालभडक साफा बांधला. तो सारखा डाव्या डोळ्यावर यायचा. उजव्या डोळ्याला तिसऱ्या रांगेतली सई स्पष्ट दिसत होती. आणि प्राचार्यांनी माझा शेरा वाचून दाखवला. सगळा! हुद्द्यासकट! टाळ्या वाजल्या. सईनंही वाजवल्या, सर बघत होते ना.

सई बोलत नव्हती त्या तीन आठवड्यांत मी दुसरा शेरा लिहिला: खोली पुन्हा नाटकाला द्यावी. प्राचार्य हात जोडून म्हणाले, "मैडम, आप ही ने तो हमारी आँखें खोली थीं." स्पर्धा होऊन गेली. परीक्षा झाली. मुलं पांगली.

निकाल लागला, सई कॉलेजात पहिली आली. मी शिरा केला. तिनं दोन घास खाल्ले आणि "छान झालाय" म्हणाली. पहिली आलेल्या मुलीचा तो चेहरा बघून मला रडूच फुटलं.

"सई, चुकलं गं माझं. ते दार ढकलायला हवं होतं मी. तुझं काम तरी दाखव मला, आत्ता, इथंच."

"पाच जणांचं नाटक होतं, आई. चौघं आपापल्या गावी गेले."

"तुझ्यापुरतं दाखव."

तिनं शिऱ्याची वाटी बाजूला सरकवली. मग उठली. ओढणी पदरासारखी कमरेला खोचली, मान ताठ केली, सुहासच्या ताटापाशी गेली, त्यातली पोळी दोन बोटांनी उचलून उजेडात धरली, उलटीपालटी केली आणि गरजली, "यह किससे पूछकर फूली है?"

सुहासला हसता हसता ठसका लागला. मीही पोट धरून हसले. कितीतरी दिवसांनी हसले! डोळे पुसत विचारलं, "अगं, कोण ही भयंकर बाई?"

सईनं पोळी परत ताटात ठेवली. सुहास खाली मान घालून शिरा खायला लागला.

"मेन रोल होता," सई हळूच म्हणाली. "तालमीत सगळ्यांत जास्त टाळ्या तुलाच पडायच्या, आई."

जन्मात एकदाच कुणी माझ्यावर नाटक बसवलं, आणि ते मी न बघताच नामंजूर केलं!