धड तुमचं, पाठ माझी

शैलाताई स्टुडिओत आल्या की आधी कॅमेऱ्याशी बोलायच्या, मग माणसांशी. पिशवीतून मऊ कापडात गुंडाळलेली पाठ काढायच्या, कॅमेऱ्याच्या मागे बसवायच्या आणि 'खट्' झालं की म्हणायच्या, "जम गया भिया. आता आपसात भांडू नका."

भिया म्हणजे भाऊ, ते आमच्याकडे सगळेच म्हणतात; पाठ हा मात्र त्यांचाच शब्द. आमच्या मोठ्या कॅमेऱ्याला फिल्मऐवजी मागे जो डिजिटल डबा लागतो, त्याला धंद्यात सगळे 'बॅक' म्हणतात. ताईंनी सरळ पाठ केली. डबा अडकला की ओरडायच्या, "माझी पाठ धरलीये, जरा थांबा!" आणि नवा ग्राहक खरंच खुर्ची पुढे करायचा.

पोलोग्राउंड या कारखान्यांच्या भागात माझा स्टुडिओ आहे. पंपांपासून पितळी समयांपर्यंत, कारखान्यांच्या मालाचे फोटो आम्ही काढतो. तेव्हा कॅमेऱ्याचा मुख्य भाग स्टुडिओचा होता, लेन्स दुसऱ्याच कंपनीची आणि पाठ ताईंची स्वतःची. कॅमेरा कोणाचा, असं कुणी विचारलं तर ताई माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "धड यांचं, पाठ माझी, डोळा भलत्याचाच. पण दिसतं बरोबर ना?" कागदावर त्या भागीदार नव्हत्या आणि नोकरही नव्हत्या. त्या आल्याशिवाय कॅमेरा पुरा होत नसे, एवढीच त्यांची जागा.

मला त्या जोडकामाचा वैताग यायचा. फोटोवर रेघ आली की पाठवाले म्हणत धड तपासा, धडवाले म्हणत लेन्स तपासा. मला एक कंपनी, एक फोन नंबर, एक वॉरंटी हवी होती. बाजारात आलेला एक नवा कॅमेरा तसाच होता. सगळं एकाच कंपनीचं; दुसऱ्याचं काही लावलं तर तो सुरूच होत नाही. जुनं धड परत दिलं की सवलत होती. ताई बहिणीकडे देपालपूरला लग्नाला गेल्या होत्या. तेवढ्यात मी धड देऊन नवा कॅमेरा आणला; ताईंची पाठ त्या जुन्या धडावरच बसायची. त्यांना विचारायचं सुचलं नाही, असं मी घरी सांगितलं. सुचलं होतं. पण धड माझंच तर आहे, अशी मनाची समजूत घातली.

त्या परत आल्या, पाठ काढली आणि नव्या कॅमेऱ्याभोवती एक फेरी मारली.

"भिया, हिला कुठे बसवू?"

"आता गरज नाही ताई. याची याला आहे. तुम्ही फक्त चालवायचा. पगार पक्का करू."

"आणि जुनं धड?"

"ते दिलं."

त्यांनी पाठ पुन्हा कापडात गुंडाळली. "बढिया. घर तुमचं, चावी कंपनीकडे." मग हसल्या. "चला, समया मांडा. पार्टी घाई करतेय."

नव्या कॅमेऱ्यावर त्यांनी महिनाभर चोख काम केलं. फक्त त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे आता कोणीही करेल भिया. परदेशीपुऱ्यात भाचीचं बुटिक आहे, तिला मदत करते." मी थांबा म्हटलं. पण 'तुमच्यावाचून अडेल' हे काही तोंडातून निघेना. अडणार नव्हतं. तशी व्यवस्था मीच केली होती.

परवा अडलं. पंपवाले समोर बसलेले आणि कॅमेरा अपडेटनंतर सुरूच होईना. कंपनीचा इंजिनिअर सोमवारी येणार. सवयीने मी ताईंना फोन लावला.

"मी काय सांगू? ते कंपनीच उघडेल." आवाजात राग नव्हता. मागे शिलाई मशीन चालू होतं. "समोर कोण, पंपवाले काका का?"

"हो."

"मग बिनसाखरेचा चहा सांगा, त्यांना शुगर आहे. आणि माल परत नेऊ देऊ नका. म्हणावं, सोमवारपर्यंत आपल्याकडे नीट राहील."

आपल्याकडे म्हणाल्या. मी नुसतं हो म्हटलं.