सख्ख्या मामाची बायको

"नवऱ्याचं नाव?"

"यल्लाप्पा."

"मोठ्यांदा बोल! सायेब लांब खुर्चीत बसलेला आसतोय, तुज्या वटीत न्हाय."

"यल्लाप्पा भरमा कांबळे."

"काम काय करतोय?"

"कॅनडात कारखान्यात फिटर हायत."

"सकाळी उठल्या उठल्या काय करतोय?"

"आता ते मला काय म्हाईत, आई? तीन आठवडं तर राहिले हितं."

"आई कोण? मी सायेब हाय!" तानीबाईनं आपल्या नवऱ्याचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर सरकवला. मांडीवर तंबाखूचं सूप, बोटं बिडी वळायची काही थांबत नव्हती. "तोंड न धुता च्या पितोय. ल्हानपनापासनं. लक्षात ठेव."

"हे तुला म्हाईत. मला कुठं?"

"मग आता झालं की म्हाईत. तुजा नवरा व्हायच्या आदी माज्या ताटात जेवलाय त्यो."

पडवीच्या कोपऱ्यात बसलेला भीमाप्पा, मनुबाईचा बाप, खोकत खोकत हसला. तंबाखूच्या वखारीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला खोकल्याशिवाय हसता येत नाही. "सायेब बिड्या वळत न्हाय, तानी."

"वळत आसंल तर तुमाला काय दिसायला गेलंय?"

एक्क्याऐंशी सालच्या दिवाळीआधी निपाणीतल्या या पडवीत ही तालीम महिनाभर चालली होती. मनुबाईला दिल्लीला जायचं होतं. तिथल्या कॅनडाच्या कचेरीतला साहेब तिला प्रश्न विचारणार होता, आणि उत्तरं पटली तर ती कॅनडाला नवऱ्याकडे जाणार होती. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. त्यातले तीन आठवडे संसाराचे, बाकीचे पत्रांचे.

यल्लाप्पा तानीबाईचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता. तानीबाई त्याला कमरेवर घेऊनच सासरी आली. भीमाप्पानं एका शब्दानं विचारलं नाही. यल्लाप्पा नऊ वर्षांचा झाला तेव्हा मनू जन्मली. शाळेतून आला की हा पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून पाढे म्हणत बसायचा. पुढं स्कॉलरशिपवर बेळगावला डिप्लोमा केला, पिरनवाडीत खोली घेऊन फौंड्रीत नोकरी केली, आणि सत्त्याहत्तर साली मित्राच्या ओळखीनं कॅनडाला गेला.

तो गेला आणि तानीबाईची झोप गेली. निपाणी-चिकोडीकडं बहिणीची मुलगी भावानं करायची, यात नवल काहीच नाही. उलट लग्नाच्या वयाचा मामा घरात असताना पोरगी बाहेर दिली तर लोक विचारतात, काय बिनसलं? तानीबाईचं म्हणणं सरळ होतं. "दावं कितीबी लांब आसू दे, खुंटा आपल्या दारात पायजे." मनूला विचारलं तेव्हा ती लाजली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "मामा चांगलाच हाय की." ऐंशीच्या मे महिन्यात समाजमंदिरात पंचशील म्हणून लग्न लागलं, आणि दोनशे माणसं जेवून गेली.

त्या तीन आठवड्यांत मनूला एक वेगळाच माणूस भेटला. मामा कधी तिच्याकडं बघून अडखळला नव्हता; हा अडखळायचा. एकदा तिला सायकलवर पुढं बसवून तंबाखूच्या वावरांमधून लांब घेऊन गेला आणि म्हणाला, "तिकडं बर्फात चालायला जड बूट लागतात. तुझ्या पायाचं माप दे." तिनं कागदावर पाऊल ठेवलं, त्यानं पेन्सिलनं कड काढली. त्या कागदाची घडी खिशात घालून तो गेला.

बेळगावचे उपेंद्र वकील फॉर्म भरून देत. त्यांनी बजावलं होतं, "खोटी लग्नं लावून माणसं तिकडं जातात, म्हणून ते खोदून खोदून विचारतात. तुमचं लग्न खरं आहे एवढंच पटवायचं." हे वाक्य तानीबाईनं पदरात बांधून आणलं.

आणि मग यल्लाप्पाचं पत्र आलं. तानीबाईला वाचता येत नसे. मनूनं मोठ्यानं वाचलं. "आक्का, फॉर्मात मी मनूला फक्त बायको लिहिलं आहे. आपलं आधीचं नातं तिथं कुणी बोलू नका. इकडं तसं चालत नाही म्हणतात. मला नक्की ठाऊक नाही, पण बोलू नका."

तानीबाईच्या हातातली बिडी अर्धवट राहिली. "चालत न्हाय म्हंजे?"

"तिकडची पद्धत आसंल."

"लाज वाटायली व्हय त्याला? माजी पोरगी म्हणून सांगायची लाज?"

"तसं न्हाय लिवलेलं."

"मग कसं लिवलंय? आगं, परक्याचं लगीन खोटं आसंल. रक्ताचं खोटं कसं आसंल? हीच तर आपली पक्की साक्ष!"

भीमाप्पा म्हणाला, "त्यो नको म्हणतोय तर ऱ्हाऊ दे की."

"त्याला काय कळतंय? ल्हान हाय त्यो."

दुसऱ्या दिवशी तानीबाईनं समाजमंदिरातल्या वडीलधाऱ्यांकडून कागद लिहून आणला: वर हा वधूचा सख्खा मामा असून विवाह रीतीरिवाजाप्रमाणे झाला आहे. खाली चार सह्या, दोन अंगठे. आणि पेटीच्या तळातून एक फोटो काढला. जत्रेतल्या स्टुडिओत काढलेला. हाफ चड्डीतला यल्लाप्पा, मांडीवर चार महिन्यांची मनू. मागं शाईनं लिहिलेलं, 'मामा व मनू'. दोन्ही फायलीत गेले.

मनूनं ते दोनदा फायलीतून काढले. दोनदा तानीबाईनं परत घातले. तिसऱ्यांदा मनूनं काढले नाहीत. तिलाही वाटू लागलं होतं, एवढं खरं असताना लपवायचं कशाला?

मिरजेला गाडी बदलून बाप-लेक दिल्लीला पोचले. भीमाप्पानं शेजारच्या मास्तरांचा कोट घातला होता. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. त्याला बाहेर बाकावर बसवून मनूला आत नेलं.

साहेब पिकल्या केसांचा, शांत माणूस होता. शेजारी दुभाषी बाई. पुण्याकडची असावी, मराठी अगदी स्वच्छ. तालमीतलं पहिलं सगळं जमलं. नाव, काम, लग्नाची तारीख. सकाळचा चहासुद्धा साहेबानं विचारला, आणि मनूनं सांगितलं तसा तो हसला. मनूचा जीव भांड्यात पडला.

"नवऱ्याला भावंडं किती?"

"एक बहीण."

"तिचं नाव?"

"तानीबाई भीमाप्पा कांबळे."

साहेबानं लिहून घेतलं. पान उलटलं. मग पुन्हा मागं गेला आणि काहीतरी बोलला.

दुभाषी बाईनं विचारलं, "आणि तुमच्या आईचं नाव?"

"तानीबाई."

बाई थांबल्या. साहेबाला न सांगता आधी त्याच मनूकडं बघत हळू म्हणाल्या, "एकच नाव दोघींचं असतं पुष्कळदा. या दोन वेगळ्या बायका ना?"

दार उघडं ठेवलं होतं बाईंनी. मनूला ते दिसलंही. नुसती मान हलवायची होती. पण फायलीत फोटो होता, कागद होता, आणि महिनाभर कानात आईचा आवाज होता.

"एकच हाय," मनू म्हणाली. "माज्या आईचा सख्खा भाऊ. मला पाळण्यात झोके दिलेत त्यांनी. आमचं लगीन खोटं न्हाय, बाई. फोटो हाय बघा."

बाईंनी फोटो घेतला. मागचं वाचलं. भाषांतर करताना त्यांचा आवाज इतका उतरला, की साहेबानं दोनदा विचारलं.

बाहेर आल्यावर भीमाप्पा उठून उभा राहिला. "झालं?"

"झालं. सगळं खरं सांगितलं."

"बेस केलंस."

फेब्रुवारीत पाकीट आलं. इंग्रजी कुणाला नीट येईना, म्हणून तिघं बेळगावला उपेंद्र वकिलांकडं गेली. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

"तुमचं लग्न खोटं आहे असं नाही म्हणत ते," वकील म्हणाले. "खरं आहे असंच म्हणतात. पण मामा-भाचीचं लग्न त्यांच्या कायद्यात लग्न धरत नाहीत. म्हणून ही त्याची बायको ठरत नाही."

"मग कोण ठरती?" तानीबाईनं विचारलं.

"भाची."

"ते तर आमीच सांगितलं की!"

"तेच तर," वकील म्हणाले. "तुम्हीच सांगितलं. मला का नाही विचारलं हो कुणी?"

तिघं परतीच्या एसटीत बसली. संकेश्वर आलं तेव्हा भीमाप्पा म्हणाला, "पोरी, मी बेस केलंस म्हणालतो."

यल्लाप्पानं आशा सोडली नव्हती. त्यानं लिहिलं, बायको म्हणून नाही तर विद्यार्थी म्हणून ये. इथं टायपिंगचं, हिशेबाचं कॉलेज आहे, मी फी भरतो. मनू मॅट्रिक होती. तिनं दोन वर्षं इंग्रजीची शिकवणी लावली. सकाळी बिड्या, दुपारी क्लास. तंबाखूनं पिवळी झालेली बोटं टाइपरायटरवर ठेवायला तिला लाज वाटायची. ती हळद लावून जायची, म्हणजे पिवळेपणाला निमित्त मिळे. चौऱ्याऐंशीत अर्ज गेला. उत्तरात एवढंच होतं, की अर्जदार शिक्षण संपल्यावर आपल्या देशात परत जाईल अशी खात्री वाटत नाही. आधीचा अर्ज फायलीत आहे.

पुढच्या वर्षी भीमाप्पा गेला. यल्लाप्पाला रजा मिळाली नाही. मग पत्रं महिन्याची दोन महिन्यांवर, दोनाची सहावर गेली. मनू ती वाचून दाखवायची आणि तानीबाई प्रत्येकाच्या शेवटी तेच म्हणायची, "कामात आसंल."

सत्त्याऐंशीच्या श्रावणात आलेलं पत्र मनूनं आधी मनात वाचलं. मग म्हणाली, "आई, सूप खाली ठेव."

"वाच की."

"'आक्का, मी इकडं लग्न केलं आहे. कायद्यानं माझं हे पहिलंच लग्न आहे. मनूला मी अडवलेलं नाही. तिचं चांगलं स्थळ बघून करून द्या. मामा म्हणून जे करायचं ते मी करीन.'"

तानीबाईनं सूप खाली ठेवलं नाही. बराच वेळ ती पानातल्या शिरा काढत राहिली. मग म्हणाली, "त्याला कोण करून घालत असंल तिकडं?"

मनूनं आईकडं असं पाहिलं, जसं तिनं आजवर कुणाकडं पाहिलं नव्हतं.

पोरीला सासरी जाच झाला की माहेर आहे. बापाचं चालेना तर मामा काठी घेऊन भांडायला जातो. मनूचं सासर, माहेर एकच पडवी होती आणि मामा तोच होता. तिनं कुणाच्या दारात जायचं?

तरी एक स्थळ आलं. चिकोडीचा मारुतीराव, बायको वारलेला, शाळेत शिपाई. बघायला आला तेव्हा म्हणाला, "मला सगळं ठावं हाय. माजं कायबी म्हणणं न्हाय." मनूला त्याचा आवाज आवडला. पण समाजमंदिरातल्या बैठकीत माणसं म्हणाली, आमच्या डोळ्यांदेखत लागलेलं लग्न आहे. पहिल्यानं सोडचिठ्ठी लिहून दिल्याशिवाय दुसरं कसं लागेल? यल्लाप्पाला पत्र गेलं. त्याचं उत्तर चार ओळींचं. "वकील म्हणतो काही लिहून देऊ नका. माझं आधी लग्न झालेलं नाही असं मी इथं लिहून दिलं आहे. जे झालंच नाही ते सोडू कसं?"

मनू एकटी बेळगावला गेली. उपेंद्र वकिलांचे केस आता पांढरे झाले होते. त्यांनी मात्र धीर दिला. "दावा करू. नवऱ्यानं टाकलं, दुसरं लग्न केलं. आपल्या कायद्यात मामा-भाचीचं लग्न रिवाज असेल तर चालतं. फक्त रिवाज आहे आणि लग्न लागलं, हे घरच्या वडीलधाऱ्या माणसानं कोर्टात सांगायला हवं. आईला घेऊन ये."

घरी आल्यावर तिनं सांगितलं. तानीबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"मी सांगितलं तर त्याचं काय हुईल?"

"दुसरं लगीन केलंय. काय व्हायचं ते हुईल."

"नोकरी जाईल?"

"मला न्हाय म्हाईत."

"धरून नेतील?"

"आई, तू माजी आई हायस का न्हाईस?"

"हाय की." तानीबाईचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. "पर त्याचीबी मीच हाय. मी साक्ष देनार न्हाय, मने. मला मारून टाक."

मारुतीराव वर्षभर थांबला. थांबला हेच पुष्कळ.

अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर मनू शेवटची वकिलांकडं गेली, कागद परत न्यायला.

"आई नाही तर दुसरं कुणी आण," वकील म्हणाले. "गावजेवण झालं होतं ना?"

"झालतं की. दोनशे पान उठलं."

"मग? दोनशेतले दोन नाही मिळत?"

"इचारलं सगळ्यांला. समदी म्हणत्यात, तुजी आई उबी ऱ्हाऊ दे, मग आमी हाईच." तिनं फायलीला दोरा गुंडाळला. "जेवलेलं लई हायत, सायेब. सांगनारं कोण न्हाय."