मांडवाच्या काठ्या

आईचे खालचे पुढचे दात हलायला लागले तेव्हा मी तिला पिंपळगाव रेणुकाईहून जालन्याला माझ्याकडे आणलं. दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून दाखवला. हिरडीखालचं हाड झिजलं होतं. हिरडी उघडून तिथे भुकटी भरली की हाड पुन्हा धरेल, असं ते म्हणाले.

"कशाची भुकटी?" आईने लगेच विचारलं. ती माळकरी. लग्नाआधीपासून तिच्या गळ्यात तुळशीची माळ होती. आमच्या घरात कधी अंडंसुद्धा आलेलं नव्हतं.

"आजी, भुकटी म्हणजे नुसता मांडव. वेल तुमचाच. तुमच्या शरीरातल्या मूळ पेशी त्यावर चढतात आणि नवं हाड तयार करतात."

"मांडव कळला. काठ्या कोणाच्या?"

डॉक्टर हसले आणि मला बाहेर घेऊन गेले. ते हसणं मला आवडलं नाही. बाहेर त्यांनी सांगितलं की भुकटी दोन तऱ्हेची येते, एक जनावराच्या हाडापासून केलेली, दुसरी काचेच्या जातीची. कोणती घालायची ते हिरडी उघडल्यावर ठरवू. जनावराची नको, एवढंच मला म्हणायचं होतं. पण अडून बसलो तर हा माणूस कामात हात आखडता घेईल आणि आईचे दात जातील, असा संशय मनात आला. मी 'बरं' म्हणालो. आत येऊन आईला म्हणालो, "काचेची आहे, माय."

"काचेची? येडी समजतो का मला? काच पोटात गेली तर आतडी कापती, अन् हे तोंडात भरणार?"

"ती वेगळी असते. हळूहळू विरघळते."

"विरघळती काच! मंग माझ्या बांगड्या पावसात कशा न्हाई विरघळल्या?"

मी हसलो. ती हसली नाही. माझ्याकडे बघत तिने माळ काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "धर. आता बसते खुर्चीत."

मला माहीत नाही, असं म्हणायला तेव्हाही वेळ होता. मी माळ खिशात घातली.

टाके निघाले, दात हलायचे थांबले. माळ माझ्या देव्हाऱ्यात पडून राहिली. आईने ती मागितली नाही. गावी गेली तर रेणुकाईच्या देवळात पायरीवरूनच हात जोडायची. घरचा नैवेद्य माझ्या बायकोच्या हातून ठेवायची. मला काही बोलायची नाही, आणि तेच मला सहन होईना.

काही महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. हाड छान भरलं होतं. आईला बाहेर बसवून मी डॉक्टरांना विचारलं, कोणती भुकटी घातली होती?

"काचेचीच. त्याच दिवशी विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. खरं बोलत असावेत. तरी मला पुरती खात्री वाटेना.

घरी आल्यावर आई पेरू खायला बसली. पुढच्या दातांनी तोडत होती.

"माय, काचच होती. आज डॉक्टरांना विचारून आलो."

"आज इचारलं?"

"हो."

"मंग तव्हा कशावरून सांगितलं व्हतं?"

तिने पेरू संपवला, हात धुतले, देव्हाऱ्यातल्या दिव्यात तेल घातलं. माळ बाजूलाच होती. तिने ती उचलली नाही.