सागदऱ्याचा वैजीनाथ

जिंतूरच्या डोंगरात सागदरा नावाचं पुरातन रान होतं. वैजीनाथ सोळा वर्षांचा असताना बापासोबत ठेकेदाराच्या तोडीवर गेला. दोन माणसांच्या कवेत न मावणारे साग त्यांनी सात हंगाम पाडले. बैल ओंडके ओढून दमायचे, एवढंच तेव्हा त्याच्या लक्षात यायचं. पुढं सरकारनं तोड बंद केली, पण तोवर डोंगर उघडा पडला होता.

गावातली माणसं ऊसतोडीला निघून गेली. वैजीनाथला वनखात्यात रोजंदारीवर राखणीचं काम मिळालं. स्वतः पाडलेल्या झाडांच्या उरलेल्या खुंटांना फुटवे आले की त्यांना काट्यांचं कुंपण घालायचं. दरवर्षी उन्हाळ्यात वणवा लागायचा. हिरव्या फांद्यांनी झोडपून तो विझवायचा आणि पावसाळ्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एका वणव्यात त्याचा डावा हात भाजला, तो अजूनही नीट वळत नाही. अशी पस्तीस वर्षं गेली. नोकरी काही कायम झाली नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. भर दुपारी त्याला कुऱ्हाडीचा आवाज आला. जाऊन पाहतो तर शेजारच्या दगडाबाई, सत्तरीच्या, मांडीएवढा साग तोडत होत्या.

"काकू, आणा ती कुऱ्हाड."

दगडाबाईंनी कुऱ्हाड त्याच्या पायाशी टाकली. "घे. तू आन तुझ्या बापानं डोंगर खाल्ला, तवा कुणी अडीवलं न्हाई. मी एक झाड तोडलं तर चोर?"

वैजीनाथ खाली बसला. मग म्हणाला, "खरं हाय काकू. पर ह्ये फुटव्याचं झाड हाय. याला मी बारा वर्सं पाणी घातलं."

त्यानं कुऱ्हाड ठेवून घेतली, साहेबांना मात्र कळवलं नाही. संध्याकाळी वाळक्या काटक्यांची मोळी बांधून तो दगडाबाईंच्या दारात टाकून आला. तेव्हापासून दर आठवड्याला एक मोळी.

यंदा वय झालं म्हणून खात्यानं त्याला घरी बसायला सांगितलं. तरी शनिवारी तो मोळी घेऊन निघालाच. गुडघे दुखत होते, वाटेत तीनदा बसावं लागलं. दारात पोहोचला तर दगडाबाई म्हणाल्या, "आता नको आणूस रं बाबा. सुनंनं गॅसवर करायचं ठरीवलंय."

"बरं," तो म्हणाला. मोळी भिंतीशी ठेवत त्यानं विचारलं, "काकू, अजून राग हाय का?"

"राग धरायलाबी अंगात जोर लागतो, वैजू. बस, च्या ठेवते."

तो भिंतीला टेकून बसला. चहा होईपर्यंत त्याला डुलकी लागली होती. दगडाबाईंनी त्याला उठवलं नाही. कप झाकून ठेवला आणि त्या शेजारीच पाय पसरून बसल्या.