वायरलेसवाला दत्तू

दत्तू रजेवर आला की पारावर बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचा. दर तासाच्या सव्वाला आणि पावणेला, बरोबर तीन मिनिटं. मनगटावरच्या घड्याळाकडे बघून बोट वर करायचा आणि सगळा पार त्याच्याबरोबर गप्प. तो मालवाहू बोटीवर वायरलेस ऑपरेटर होता. "त्या तीन मिन्टांत समद्या बोटींनी आपली बडबड थांबवायची आनि नुसता कान द्यायचा," तो सांगे. "कुनी बुडत आसंल, तर त्याची बारीक हाक ऐकू याया पायजे."

आष्ट्याजवळच्या आमच्या गावातला पहिला बी.ए. मी. दत्तू शेजारचा, माझ्याच वयाचा. सांगलीचं कॉलेज वर्षात सोडलं आणि लढाई लागल्यावर बोटीवर गेला. पण मी बोलताना कोणी कान दिल्याचं मला आठवत नाही. ज्या वडिलांनी मला शिकवलं, तेसुद्धा पान चघळायचं थांबवून त्याच्याकडे बघत राहायचे. मला ते सोसत नसे. खोटं कशाला लिहू?

एकदा त्या तीन मिनिटांत मी मुद्दाम ओरडलो, "दत्तू, हितं पारावर कोन बुडतंय रं?" लोक हसले. वडील हसले नाहीत. दत्तूने वेळ पुरी केली, मग म्हणाला, "कुनी न्हाई, गड्या. पर हितं सवय मोडली तर तितं बी मोडंल." रागावलासुद्धा नाही. तेच मला जास्त झोंबलं.

पुढच्या वर्षी कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. ते वाचू शकणारा गावात मी एकटाच. दत्तूच्या सोप्यात माणसं दाटली होती. सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे, वडिलांचेसुद्धा. मी सांगितलं, "बोट बुडाली. दत्तू गेला." आणि कागदाची घडी घातली.

त्याच्या आईने घडी माझ्या हातातून काढून उलगडली. तिला अक्षर येत नव्हतं. "आरं, कागूद भरून लिवलंय की," ती म्हणाली. "तू दोनच वळी वाचल्यास."

मी कागद परत घेतला. त्यात होतं, बाकीचे होड्यांत उतरले तरी दत्तू आपल्या वायरलेसच्या खोलीतून हलला नव्हता. बोटीचा ठिकाणा तो पुन्हा पुन्हा कळवत राहिला. दुसऱ्या बोटीचं उत्तर आलं; होड्यांतली माणसं वाचली. मी सगळं वाचलं. वाचतानाही पोटात हेवा होताच.

दत्तूच्या आईने डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, "आता पुन्यांदा वाच."